गुन्ह्यांचा धागा पंचनाम्यातच सुटतो

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोकण किनारपट्टीवरच्या एखाद्या वाडीत एकट्या राहणाऱ्या वृद्धेचा खून होतो, अंगावरचे दागिने जातात, आणि दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडपासून वर्तमानपत्राच्या पहिल्या पानापर्यंत एकच प्रश्न फिरू लागतो: मागे अमुक गावात झाले ते काम याच टोळीचे ना? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर दोन टोकांना दिले जाते. लोक आणि बातमीदार दोन दिवसांत ‘एकच टोळी’ ठरवून मोकळे होतात. पोलिस ठाणे मात्र आपल्या हद्दीतला गुन्हा आपल्या रजिस्टरपुरता पाहते, आणि शेजारच्या ठाण्यात तसेच काही घडले आहे का हे पाहायला महिने जातात. गुन्हे एकमेकांशी जोडण्याची एक शिस्त आहे. ती इथे कुठे तुटते, हे नेमकेपणाने मांडावे म्हणून हे पत्र. ते लांबले आहे, पण विषय दोन ओळींत मावणारा नाही.

आधी वस्तूंचा पुरावा, कारण तो सर्वांत पक्का. दोन घटनास्थळी एकाच बोटाचे ठसे मिळाले, तर पुढचा वाद संपतो. १९६८ मध्ये मुंबईत पकडलेला साखळी खुनी रमण राघव अनेक नावांनी वावरत होता, त्याची जुनी ओळख बोटांच्या ठशांवरूनच पटली. आता २०२२ पासून ‘नाफिस’ ही देशव्यापी ठसे-प्रणाली आहे, आणि अटक झालेल्याला त्यात दहा अंकी राष्ट्रीय क्रमांक मिळतो. मात्र ही प्रणाली कितीही मोठी असली, तरी घटनास्थळावरून उचललेला ठसा तिच्यात पोहोचला तरच उपयोग. कोकणातल्या घरात तो उचलणे सोपे नाही. बिनगिलाव्याच्या चिऱ्याच्या भिंतीवर ठसा धरत नाही. सारवलेल्या जमिनीवर तर नाहीच. पावसाळ्यात स्टीलच्या डब्यावरही दमटपणाचा थर असतो, आणि ओल्या पृष्ठभागावर साधी पावडर मारली की तिच्या गुठळ्या होऊन होता तो ठसाही जातो. अशा वेळी वस्तू सावलीत आपोआप सुकू द्यावी, नाहीतर ओल्या पृष्ठभागासाठीचे ‘एसपीआर’ हे द्रव वापरावे. आणि ठसे शोधायचे कुठे? दारावर सगळ्या वाडीचे हात लागलेले असतात. त्यापेक्षा पडवीतला काढून ठेवलेला बल्ब, कपाटाचा आरसा, देव्हाऱ्यातली पितळी समई, टॉर्च आणि टॉर्चमधले सेल पाहावेत. टॉर्च बाहेरून पुसणारा माणूस आतले सेल सहसा पुसत नाही.

डीएनएचे तसेच. गळा आवळलेल्या कपड्याची दोन्ही टोके (जिथे हात घट्ट धरले गेले), मृताच्या नखांची टोके, अर्धवट ओढलेली विडी, परसात टाकलेली गुटख्याची पिंक, हे सगळे जपायचे. स्वॅब आणि कपडे पूर्ण सुकवून कागदी पाकिटात घालायचे, आणि प्रत्येक कपड्याला वेगळे पाकीट. प्लास्टिकच्या पिशवीत ओल अडकते, बुरशी धरते, जिवाणू वाढतात आणि डीएनए कुजतो. जुलैत रत्नागिरीत कापड सुकायला वेळ लागतो, म्हणून ते तसेच पिशवीत भरले जाते. महिन्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल येतो, त्यात ‘डीएनए मिळाला नाही’ एवढेच असते.

याहून महत्त्वाची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. घटनास्थळांचे डीएनए देशभर आपोआप ताडून पाहणारा, स्वतंत्र कायद्याने उभारलेला साठा आपल्याकडे नाही. त्यासाठीचे २०१९ चे विधेयक २०२३ मध्ये मागे घेतले गेले. म्हणजे मुंबईतल्या कलिन्याच्या किंवा दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत दोन तालुक्यांतले मुद्देमाल शेजारी शेजारी पडले असले, तरी ते एकमेकांशी ताडले जातील याची खात्री नाही. तपास अधिकाऱ्याने पाठवणीच्या पत्रात ‘अमुक ठाण्याच्या, अमुक गुन्हा रजिस्टर नंबरच्या प्रोफाइलशी तुलना करावी’ असे स्पष्ट लिहावे लागते. ते एक वाक्य लिहायचे, तर अधिकाऱ्याला तो दुसरा गुन्हा आधी माहीत असायला हवा. गाडी इथेच अडते.

डीएनएने गुन्हे जोडण्याचे पहिले गाजलेले उदाहरण इंग्लंडमधल्या लेस्टरशायरचे. १९८३ आणि १९८६ मध्ये तिथे शेजारशेजारच्या गावांत दोन मुलींचे खून झाले. दुसऱ्या खुनाची कबुली सतरा वर्षांच्या एका मुलाने दिली होती. अ‍ॅलेक जेफ्रीज या शास्त्रज्ञाच्या डीएनए चाचणीने सांगितले की दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे आहेत, पण तो माणूस हा मुलगा नव्हे. खरा गुन्हेगार कॉलिन पिचफोर्क १९८८ मध्ये दोषी ठरला. गुन्हे जोडले गेले आणि त्याच चाचणीत निर्दोष मुलगा सुटला, हे दोन्ही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

वस्तूंचा पुरावा मिळतोच असे नाही. मग कृतीची पद्धत पाहावी लागते, पोलिसांच्या भाषेत ‘एमओ’. ती नोंदवण्याची शिस्त जुनी आहे. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या वेस्ट रायडिंगचे पोलिसप्रमुख मेजर अ‍ॅचर्ली यांनी १९१३ मध्ये दहा रकान्यांची पद्धत छापली: कोणाच्या मालमत्तेवर घाला, आत शिरण्याची जागा, साधन, हेतू, वेळ, गुन्हेगाराने घेतलेले सोंग, सांगितलेली बतावणी, साथीदार, वाहन, आणि शेवटी ‘खूण’, म्हणजे गुन्ह्याला गरज नसताना केलेली विचित्र गोष्ट. आपल्याकडे गुन्हेगारांच्या पद्धती नोंदवणाऱ्या ‘एमओबी’ कार्डांचा गाभाही हाच.

या दहांत सगळ्यांत जड शेवटचा रकाना. बाकीच्या नऊ गोष्टी गुन्हेगार अनुभवाने बदलतो. पहिल्यांदा कौले काढून उतरला असेल, तर पुढच्या वेळी मागील दाराची आगळ सुरीने उचलेल. एका ठिकाणी कुत्रा भुंकला, की पुढे कुत्र्यासाठी भाकरी घेऊन जाईल. पण गरज नसताना केलेले कृत्य, म्हणजे मृताच्या चेहऱ्यावर टॉवेल टाकणे, देवाच्या तसबिरी भिंतीकडे तोंड करून ठेवणे, चुलीपाशी बसून जेवून जाणे, हे स्वभावातून येते आणि तुलनेने टिकते. तरीही टिकते म्हणून एकट्या त्याच गोष्टीवर दोन गुन्हे जोडावेत असे नाही.

जोडणी करताना दोन गोष्टी एकत्र लागतात. माणूस ती कृती पुन्हा पुन्हा करत असला पाहिजे, आणि इतर गुन्हेगार ती सहसा करत नसले पाहिजेत. दुसरी अट आपल्याकडे नेहमी विसरली जाते. ‘दोन्ही ठिकाणी मागच्या दाराने शिरले, दोन्हीकडे साडीच्या पदराने गळा आवळला, दोन्हीकडे पाटल्या आणि मंगळसूत्र नेले’ यातून काय सिद्ध होते? कोकणातल्या घराचे मागील दार परसात उघडते आणि परसापलीकडे बाग असते. तिथून शिरणार नाही असा चोर कोण? एकट्या वृद्धेवर हात टाकणाऱ्याला पदर हाताशी सापडतोच. सोने अंगावरच असते. या तीन गोष्टी जुळल्या, तर जुळले ते घर आणि प्रसंग. माणूस जुळला असे त्यावरून म्हणता येत नाही. त्याऐवजी पाटल्या कशा काढल्या ते पाहावे: साबण लावून, पक्कडीने कापून, की पिळून? मंगळसूत्र वाटीपाशी तोडले की डोक्यावरून काढले? कुड्यांचे फिरकीचे मळसूत्र फिरवले की पाळी फाडली? फिरकी शांतपणे फिरवणारा आणि पाळी फाडणारा, ही दोन फार वेगळी माणसे असतात. किंवा तोच माणूस एका ठिकाणी घाईत सापडलेला असतो, आणि त्या घाईचे कारण शोधता येते. पंचनाम्यात मात्र ‘कानातील दागिने काढून नेले’ एवढेच येते.

पुण्यात जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा खून झाले. जोशी-अभ्यंकर हत्याकांड म्हणून ते महाराष्ट्राला माहीत आहे. त्यात गुन्हे एकत्र बांधणारा एक दुवा होता नायलॉनच्या दोरीच्या गाठींचा. म्हणून गाठ कशी जपायची हे प्रत्येक हवालदाराला ठाऊक असले पाहिजे. गाठ सोडायची नाही आणि गाठीवर कापायचेही नाही. गाठीपासून लांब, उलट बाजूला दोरी कापायची, कापलेली दोन्ही टोके वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने बांधायची, त्यावर चिठ्ठी लावायची, दोन बाजूंनी फोटो घ्यायचे. घाईने मृतदेह सोडवताना गाठ सुटली, की दोरीचा एक तुकडा उरतो आणि तसा तुकडा कुठल्याही दुकानात मिळतो.

पण हीच गाठ हर्णै, मिरकरवाडा किंवा मालवणच्या बंदरावर तेवढी बोलत नाही. इथे जाळे विणणाऱ्याला, होडी बांधणाऱ्याला, माडावर चढणाऱ्याला पाच-सहा गाठी लहानपणापासून येतात. शहरात जी गाठ शंभरांत एकाला येते, ती बंदरावर अर्ध्या वस्तीला येते. उलट बंदरातल्या गुन्ह्यात कोणी गवंड्याची किंवा ट्रकवाल्याची गाठ मारली असेल, तर तिला इथे किंमत. कोणती गोष्ट दुर्मीळ हे त्या मुलखाला विचारूनच ठरते. म्हणून मुंबईत बसलेल्या विश्लेषकाच्या शेजारी स्थानिक माणूस हवा, असे आमचे ठाम मत आहे.

साम्य मोजण्याची एक साधी रीत अभ्यासक वापरतात. पहिल्या आणि दुसऱ्या गुन्ह्यात मिळून बारा वैशिष्ट्ये नोंदली गेली. त्यांतली सहा दोन्हींत आहेत, तीन फक्त पहिल्यात, तीन फक्त दुसऱ्यात. सहाला बाराने भागले, साम्य अर्धे, ०.५. यात एक काळजी मुद्दाम घेतलेली आहे: जे दोन्हीकडे ‘नाही’, ते साम्य म्हणून धरत नाहीत. कारण ‘नोंद नाही’ याचा अर्थ ‘घडले नाही’ असा होत नाही. पंचनामा लिहिणाऱ्याने पाहिलेच नसेल.

आणि इथे आपल्या ठाण्यांची सर्वांत मोठी अडचण समोर येते. फिर्यादीची भाषा ठरलेली: ‘कोणीतरी अज्ञात इसमाने, कोणत्यातरी अज्ञात कारणावरून, कोणत्यातरी हत्याराने...’ पंचनाम्याची भाषा ठरलेली: ‘सामान अस्ताव्यस्त पडलेले दिसते’. ही वाक्ये संगणकात गेली, की वेगवेगळ्या माणसांनी केलेले पन्नास गुन्हे एकसारखे दिसतात, आणि एकाच माणसाने केलेले तीन गुन्हे त्यांत हरवतात. पोलिस ठाणी जोडणाऱ्या ‘सीसीटीएनएस’ या संगणक प्रणालीला २००९ मध्ये मंजुरी मिळाली आणि आज ठाण्याठाण्यात ती चालते. पण पद्धतीच्या रकान्यात ‘इतर’ निवडून पुढे गेले, तर यंत्राला शोधायला काही उरत नाही. अस्ताव्यस्त म्हणजे कसे? कपाटाचे खण खालून वर उघडलेत की वरून खाली? सराईत चोर खालचा खण आधी उघडतो, म्हणजे प्रत्येक खण परत बंद करायला लागत नाही. नवखा वरून सुरुवात करतो. ही एक ओळ लिहायला अर्धा मिनिट लागतो.

कॅनडाने यासाठी ‘व्हिक्लास’ नावाची प्रणाली केली. शंभरावर प्रश्नांचा अर्ज तपास अधिकारी भरतो आणि प्रशिक्षित विश्लेषक तो तपासून घेतो. ओंटारिओ प्रांतात एका साखळी गुन्हेगाराच्या तपासात वेगवेगळ्या पोलिस दलांनी एकमेकांना माहिती दिली नाही, यावर न्यायमूर्ती कॅम्पबेल यांचा अहवाल १९९६ मध्ये आला, आणि त्यानंतर तिथे हा अर्ज भरणे सक्तीचे झाले. अमेरिकेत ‘एफबीआय’ची अशीच ‘व्हायकॅप’ योजना १९८५ पासून आहे, पण ती ऐच्छिक, त्यामुळे असंख्य गुन्हे तिच्यात येतच नाहीत. सक्ती नसलेला अर्ज कामाच्या रगाड्यात कोणी भरत नाही. त्यात कॉन्स्टेबलला दोष देऊन उपयोग नाही.

आता ज्या गुन्ह्यांचा गुन्हाच नोंदला जात नाही, त्यांच्याविषयी. गोव्यात २००९ मध्ये शिरोड्याच्या एका इसमाला अटक झाली, आणि १९९४ पासूनचे सोळा तरुणींचे खून त्याच्यावर लावले गेले. लग्नाचे आमिष, अंगावर दागिने घालून यायला सांगणे, तिच्याच ओढणीने गळा आवळणे. पंधरा वर्षे ही साखळी दिसली नाही, कारण कागदोपत्री ती साखळी नव्हती. कुठे ‘हरवलेली व्यक्ती’, कुठे ‘अकस्मात मृत्यू’, कुठे बेवारस मृतदेह. तीन वेगळी रजिस्टरे, आणि तिन्ही वेगळ्या कपाटांत. कोल्हापूरच्या १९९६ च्या बालहत्या प्रकरणातही १९९० पासून वेगवेगळ्या शहरांतून मुले पळवली जात होती. प्रत्येक ठाण्यात एक मूल हरवले होते. धागा लागला तो शेवटी कौटुंबिक वैरातून आलेल्या एका तक्रारीमुळे.

म्हणून किनाऱ्यावर आणि खाडीत मिळणाऱ्या मृतदेहांकडे वेगळ्या डोळ्यांनी पाहायला हवे. पाण्यात मिळाला म्हणजे बुडाला, असे धरून चालणे ही इथली जुनी सवय आहे. वाशिष्ठी नदीत पडलेले ओहोटीने दाभोळच्या तोंडाशी जाते आणि भरतीने दुसऱ्याच काठाला लागते. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. मृतदेह दिसला ती वेळ आणि त्या दिवसाची भरती-ओहोटी पंचनाम्यात लिहिली, तर तो कुठून आला असेल याचा अंदाज स्थानिक मच्छीमारही देऊ शकतो. शवविच्छेदनात आधी कवटी आणि छाती उघडून रक्त निचरू द्यावे आणि मग मान थराथराने सोडवावी. नाहीतर मानेतल्या शिरांतले रक्त पसरून खोटे व्रण दिसतात आणि खरे झाकतात. कंठास्थी मोडली आहे का, आवळल्याचा वळ आडवा आहे की कानाकडे चढत गेलेला, कानाची पाळी ताजी फाटली आहे का, बोटावर किंवा मनगटावर दागिन्याचा फिकट पट्टा आहे पण दागिना नाही, असे का, हे चार प्रश्न प्रत्येक बुडालेल्या बाईच्या बाबतीत लेखी विचारले गेले पाहिजेत.

पुढचा धागा जागेचा. कॅनडातले किम रॉस्मो यांनी १९९५ मध्ये भौगोलिक रेखांकनाची गणिती पद्धत मांडली. गुन्हेगार स्वतःच्या दाराशी सहसा गुन्हा करत नाही आणि फार लांबही जात नाही, या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यातून त्याचा ठिकाणा काढायचा. डेव्हिड कँटर यांचा नियम आणखी सोपा: सर्वांत लांबच्या दोन घटनास्थळांना व्यास धरून वर्तुळ काढा, ठिकाणा बहुधा आत असतो. हे सपाट शहरात चालते. कोकणात असे वर्तुळ काढले, तर अर्धे समुद्रात आणि उरलेल्यातले बरेचसे सह्याद्रीच्या कड्यावर पडते. आपला मुलूख रेषेसारखा आहे: एक महामार्ग, एक रेल्वे, त्यांना आडव्या खाड्या आणि मोजके घाट. इथे अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये, प्रवासाच्या मिनिटांत मोजावे. दाभोळ आणि धोपावे समोरासमोर दिसतात. फेरीबोट चालू असताना ती शेजारची गावे आहेत. शेवटची फेरी सुटली, की मोटारीने चिपळूणपर्यंत वळसा. जयगड-तवसाळचेही तेच. दोन खुनांच्या वेळांमध्ये फेरीचे वेळापत्रक बसते की नाही, हे आधी पाहावे.

वार आणि तारखाही मांडाव्यात. आठवडा बाजाराच्या क्रमाने गुन्हे पुढे सरकत असतील, तर फिरत्या विक्रेत्यांकडे पाहायला कारण मिळते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि बाहेरून आलेले खलाशी गावी जातात. आंबा उतरला की बागेतले राखणदार जातात. गणपतीत भरलेली घरे आठ-दहा दिवसांत पुन्हा रिकामी होतात. साखळीत मध्येच सहा महिन्यांचा खंड पडला, तर त्या काळात कोण तुरुंगात होता आणि कोण केव्हा सुटला, ही यादी पहिल्यांदा मागवावी. पण यातले काहीही संशय घ्यायला पुरेसे नाही, ते शोध कुठे सुरू करायचा एवढेच सांगते. परप्रांतीय खलाशी किंवा नेपाळी राखणदार दिसला की त्याला ठाण्यात बसवणे, याला आम्ही तपास म्हणत नाही.

मोबाइल टॉवरच्या नोंदींबाबत लोकांच्या अपेक्षा फार. दोन घटनास्थळांच्या टॉवरवर त्या-त्या वेळी असलेले समान नंबर काढतात. आपल्याकडे डोंगरावरचा एक टॉवर खाडीच्या दोन्ही काठांची पाच-सात गावे सांभाळतो. समान नंबर निघतात ते एसटीच्या वाहकाचे, दूधवाल्याचे, सिलिंडरच्या गाडीचे. दोन्ही वेळी नेमका बंद झालेला नंबर शोधणे जास्त फलदायी. कंपन्यांना या नोंदी किमान दोन वर्षे ठेवाव्या लागतात, त्या मागाहूनही मिळतात. बाजारपेठेतल्या सीसीटीव्हीचे चित्रण मात्र बहुधा पंधरा ते तीस दिवसांत पुसले जाते. दोन गुन्ह्यांचा संबंध तिसऱ्या महिन्यात लक्षात आला, तर कॅमेऱ्याचा उपयोग संपलेला असतो.

आता हद्दीचा प्रश्न, आमच्या दृष्टीने सर्वांत टोचणारा. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग ही पोलिसांच्या कोकण परिक्षेत्रात, म्हणजे काही जिल्हे मिळून केलेल्या विभागात. कुंभार्ली घाट चढला की पाटण, म्हणजे सातारा. आंबा घाट चढला की शाहूवाडी, म्हणजे कोल्हापूर. आणि ही दोन्ही कोल्हापूर परिक्षेत्रात. तेरेखोलच्या पलीकडे तर राज्यच वेगळे. रात्री नऊला आंबा घाटाखालच्या साखरप्याजवळ गुन्हा करून निघालेला माणूस तास-दीड तासात दुसऱ्या परिक्षेत्रात असतो. आपल्या परिक्षेत्राच्या गुन्हे बैठकीत पालघरचा गुन्हा चर्चेला येतो, शाहूवाडीचा येत नाही.

गुन्हे चुकीचे जोडण्याची किंमतही मोठी. इंग्लंडमध्ये १९७५ ते १९८० या काळात पीटर सटक्लिफने तेरा बायकांचे खून केले. पोलिसांनी त्याची नऊ वेळा चौकशी केली, पण त्या नोंदी कार्डांच्या ढिगात विखुरलेल्या राहिल्या. त्यातच १९७९ मध्ये ‘मीच तो’ म्हणणारी एक बनावट ध्वनिफीत आली, ती खरी मानली गेली, आणि त्या बोलीचा नाही म्हणून खरा गुन्हेगार बाजूला पडला. त्या धड्यातून पुढे ‘होम्स’ ही संगणक प्रणाली आली. आपल्याकडे नोएडातल्या निठारी गावातल्या मुलांच्या खुनांच्या खटल्यांत २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरोपींना सोडले. ज्या कबुलीवर साखळी उभी केली होती, ती न्यायालयात टिकली नाही.

कबुलीचा हा मोह इथेही दिसतो. एक चोर सापडला की त्याच्या तोंडून आसपासचे दहा प्रलंबित गुन्हे ‘उघडकीस’ येतात. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ नुसार पोलिसांपुढची कबुली पुरावा होत नाही, तिच्यामुळे प्रत्यक्ष सापडलेली वस्तू आणि तेवढेच विधान चालते. प्रत्येक गुन्ह्याला त्याचा स्वतःचा पुरावा लागतो. गोव्याच्या त्या प्रकरणातही काही खटल्यांत शिक्षा झाली, तर कित्येकांत पुराव्याअभावी सुटका. वर्षानुवर्षांनी जोडलेल्या गुन्ह्यात मुद्देमाल, साक्षीदार, सोनाराची पावती यांतले काहीच उरत नाही. शिवाय फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम २४२ प्रमाणे एका प्रकारचे, बारा महिन्यांतले, जास्तीत जास्त पाच गुन्हे एका खटल्यात चालवता येतात. बाकीचे प्रत्येकी आपल्या पायावर उभे राहिले पाहिजेत.

आमच्या मागण्या खर्चाच्या नाहीत. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, सातारा, कोल्हापूर आणि उत्तर गोवा या सहा जिल्ह्यांच्या स्थानिक गुन्हे शाखांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून खून, जबरी चोरी, लैंगिक अत्याचार, आणि त्यांच्याबरोबरच अकस्मात मृत्यू व हरवलेल्या स्त्रियांची रजिस्टरेही समोरासमोर ठेवावीत. एकट्या व्यक्तीच्या प्रत्येक संशयास्पद मृत्यूनंतर सात दिवसांत दोन पानांचा ठरावीक तक्ता भरला जावा, आणि तो त्या तपासात नसलेल्या दुसऱ्या अधिकाऱ्याने वाचून ‘हे लिहिलेले नाही’ अशा खुणा करून परत पाठवावा. नव्या संहितेने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी येणे ठरवले आहे. कोकणातल्या अंतरांचा विचार करता तालुकागणिक निदान एका अंमलदाराला नमुने सुकवणे, पाकिटे बंद करणे आणि गाठ कापणे एवढे प्रशिक्षण मिळालेच पाहिजे, कारण तज्ज्ञांची गाडी घाटातून येईपर्यंत पाऊस थांबत नाही.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक विनंती. गुन्हेगाराने केलेली ती एक विचित्र गोष्ट कळली, तरी छापू नये. खरा गुन्हेगार आणि पोकळ कबुली देणारा यांत फरक करायला तपास अधिकाऱ्याकडे तेवढेच असते, आणि छापून आल्यावर दुसरा कोणीही तिची नक्कल करू शकतो. संशयिताचा चेहराही ओळख परेड होईपर्यंत छापू नये. साक्षीदाराने फोटो आधी पाहिला, हे बचाव पक्षाने दाखवले की ती परेड वाया जाते.

वाडीतल्या मंडळींसाठी दोन गोष्टी. घरात काही विपरीत घडलेले दिसले, तर पोलिस येईपर्यंत घर सारवू नये, अंगण झाडू नये, उष्टी भांडी घासू नयेत. म्हातारीचे घर लोकांना नीटनेटके दिसावे ही भावना समजते, पण बोटांचे ठसे आणि विडीचे थोटूक त्यातच जाते. दुसरे, दागिन्यांविषयी. १ एप्रिल २०२३ पासून नव्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा ‘एचयूआयडी’ असतो. तो, दागिन्याचे वजन, आणि जुन्या दागिन्यांचे दोन्ही बाजूंनी काढलेले जवळचे फोटो मुंबईतल्या मुलाच्या किंवा भाच्याच्या फोनमध्येही ठेवावेत. चोरीचे सोने सोनाराकडे आटवायला थोडाच वेळ लागतो. घरचे लोक मयताला येईपर्यंत वर्णन मिळाले नाही, तर तोवर पाटल्यांची लगड झालेली असते.

आपले,
गुन्हे तपास आणि न्यायवैद्यक क्षेत्रांत काम केलेले काही वाचक,
रत्नागिरी व सिंधुदुर्ग
(नावे संपादकांकडे दिली आहेत.)